दृष्टांतातील कथानक व त्याची मर्यादा

मांजरसुंबा येथे एका वासनिकाच्या घरी निरूपण चालले असता जात्यंध व हत्ती यांचा दृष्टांत सांगून झाला, तोच एका लहान मुलाने विचारले, “बाबाजी, मग त्या आंधळ्यांचे पुढे काय झाले?” मंडळी हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गोष्ट म्हटली की पुढे काय, ही जिज्ञासा स्वाभाविकच आहे. मग दृष्टांत मध्येच थांबल्यासारखा का वाटतो?

केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची अंगे तीन: सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक. पैकी सूत्र व दृष्टांत ही सर्वज्ञांची वचने, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. कथानक मधल्या अंगात असते, पण त्याचा आरंभ सूत्रात व विराम दार्ष्टांतिकात होतो. केवळ मधले अंग उचलून सांगितले, तर ते अपुरे वाटणारच.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर बीड, पाटोदा, नेकनूर व चौसाळा या बाजूंचे रस्ते मिळतात. तेथे कोणास वाट विचारली, तर तो आधी विचारतो, “जायचे कोठे?” दृष्टांतातील प्रसंगांनाही सूत्र हेच विचारते.

हत्तीचीच कथा बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथातही आहे. तेथे श्रावस्तीचा राजा जात्यंधांना एकत्र आणवितो, ते मुष्टियुद्धावर येतात व राजास मौज वाटते. भिन्न मतवाद्यांचा कलह दाखविणे हे तेथील प्रयोजन, म्हणून मारामारी हा त्या कथेचा कळस होय. आपल्या दृष्टांताचा भार कलहावर नाही. अवयवालाच हत्ती मानण्याच्या भ्रमावर आहे. परमेश्वराची एखादी शक्ती हाती लागली की तिलाच परमेश्वर म्हणणारा जीव तेथे अभिप्रेत आहे. प्रसंग एकच, परंतु साध्य बदलताच त्याचा कळसही बदलला.

हे ध्यानी न घेता काही निरूपणकार दृष्टांतात पदरचे राजे, भांडणे व बक्षिसे घालतात. तरुणपणी मजकडूनही हे घडले आहे. श्रोते रमले, पण घरी जाताना त्यांच्या ओठी भांडण होते, सूत्र नव्हते. सर्वज्ञांच्या वचनात अशी भर घालणे हा केवळ रसदोष नव्हे.

याचा अर्थ सर्वज्ञांस कथेतील उत्सुकता वर्ज्य होती, असा कोणी करू नये. ‘लीळाचरित्रा’त त्यांनी सांगितलेली कावळा व साळई यांची गोष्ट आहे. पावसाने कावळ्याचे शेणाचे घर गेले, तो साळईच्या दाराशी आला आणि दार काही उघडेना. तो विलंब हाच त्या कथेचा प्राण. तेथे ‘पुढे काय?’ हे विचारणेच योग्य, दृष्टांतात ‘कशासाठी?’ हे आधी विचारावे लागते.

त्या मुलास मी सूत्र पुन्हा समजावून सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. पुढील खेपेस कावळा-साळईची गोष्ट सांगण्याचे मी कबूल केले आहे.