टक्केवारी कशाची?

सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला मिळाला की भरपाई आलीच, असं बांधकामावरची माणसं धरून चालतात. आमच्या दाव्यात तोच दाखला विमा कंपनीच्या वकिलांनी आमच्यावर उलटवायला घेतला होता.

माझा थोरला भाऊ गिलाव्याचा मिस्त्री. पुण्याजवळच्या एका साइटवर छताचा गिलावा करताना परांचीवरून पडला. खांद्याचं हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दाखल्यावर आकडा 30 टक्के. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दावा लावला, तर कंपनीचे वकील म्हणाले, तीस टक्के अपंगत्व, म्हणजे कमाईही तीस टक्केच बुडाली.

यात फरक केवढा पडतो ते बघा. दादाचं वय 35, कायद्याच्या तक्त्यात त्याचा गुणक 197.06. पगाराची मर्यादा तेव्हा 15,000, त्याचे साठ टक्के 9,000. कमाई पूर्ण गेली असं मानलं तर 17,73,540 रुपये होतात. तीस टक्के धरले की 5,32,062. अशा दुखापतीत डॉक्टरांनी अपंगत्वाबरोबर कमाईची क्षमता किती गेली हेही सांगावं, असं कायदाच म्हणतो. दाखल्यावर मात्र त्याचा रकानाच नसतो.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना विचारलं, “हे तीस टक्के हाताचे की सगळ्या शरीराचे?” ते म्हणाले, हाताचे. “म्हणजे शरीराचे त्याहून कमीच!” वकील खुशीत खाली बसले. मग आमच्या वकीलबाई उठल्या. “डॉक्टरसाहेब, गुरमाळा घेऊन हा माणूस छताला हात लावू शकेल?” “नाही.” “पुढे कधी?” “नाही.” या दोन उत्तरांनी जे झालं ते दाखल्याने झालं नसतं. जोडीला प्रतापनारायण सिंह देव खटल्याचा निकाल दाखवला: डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराची कमाई सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये शंभर टक्के बुडाली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आम्हाला साठ टक्के कमाई बुडाली असं धरून पैसे मिळाले. शंभर का नाहीत, हे मला अजून पटलेलं नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना जखमी माणूस नेमकं काय काम करतो ते लिहून न्या: किती उंचीवर, कोणत्या हाताने, किती वजन. आणि ते साक्षीला येतील का, हे आधीच विचारा. नुसता कागद पाठवणारा तज्ज्ञ फारसा कामाचा नाही.

ठेकेदाराची बाजू वेगळीच होती: सेफ्टी बेल्ट दिला होता, यानेच जाणूनबुजून काढून ठेवला. हे सिद्ध झालं असतं तर दावाच बुडाला असता. आमच्या बाजूने एक सिव्हिल इंजिनिअर उभे राहिले. सोबतच्या बिगाऱ्याने काढलेला फोटो दाखवून त्यांनी सांगितलं, परांचीला कठडा नाही, उभं राहायला एकच फळी, आणि बेल्टचा हूक अडकवायला वर काहीच नाही; मग बेल्ट घालून उपयोग काय?

तो फोटो अपघाताच्या संध्याकाळचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परांची उतरवलेली होती. म्हणून फोटो त्याच दिवशी काढा, आणि ज्या फोनवर काढला तो विकू नका: मोबाइलमधला फोटो पुराव्यात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात त्या फोनचा तपशील द्यावा लागतो.