सेगांतिनी आणि रंगविभाजनाची कला

ज्या विद्यार्थ्यांनी चित्रकलेच्या तासास रंगपेटी हाताळली आहे, त्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. तीनचार उजळ रंग एकत्र कालवले म्हणजे त्यांचे तेज लोपून मळकट करडा रंग हाती येतो. मग सूर्यप्रकाशासारखी तेजोमय वस्तू रंगवावी तरी कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील काही चित्रकारांस हाच प्रश्न पडला होता. त्यांपैकी जिओव्हान्नी सेगांतिनी याने तो कसा सोडविला, हे त्याने दोनदा रंगविलेल्या एकाच विषयावरून उत्तम प्रकारे समजते.

सेगांतिनीचा जन्म १८५८ साली आर्को या गावी झाला. तो प्रांत त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. सातव्या वर्षी तो मातेस मुकला आणि लवकरच पितृछत्रही हरपले. मिलान शहरात निराधार भटकणाऱ्या या मुलास १८७० साली सुधारगृहात ठेवण्यात आले. पुढे त्याने ब्रेरा येथील कलाशाळेत शिक्षण घेतले, व व्हित्तोरे ग्रुबिची या चित्रविक्रेत्याने त्याचे गुण ओळखून त्यास आश्रय दिला.

१८८२ साली सेगांतिनीने 'आवे मारिया' हे चित्र काढले. सायंप्रार्थनेची वेळ, निश्चल सरोवर, मेंढरांनी भरलेली नाव, तीत बालकास उराशी धरून बसलेली माता, आणि दूर क्षितिजावर देवालयाचा मनोरा, असा तो देखावा. १८८३ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात या चित्रास सुवर्णपदक मिळाले.

१८८६ साली तो स्वित्झर्लंडमधील साव्होन्यिन या डोंगरी गावी राहावयास गेला. त्या हिवाळ्यात ग्रुबिची तेथे आला, आणि रंगविभाजनाची नवी पद्धती समजावून त्याने तेच चित्र नव्याने रंगविण्याचा सल्ला दिला. पदक मिळालेला विषय पुन्हा हाती घेणे म्हणजे संपादिलेली कीर्ती पणास लावणेच होय. तथापि सेगांतिनीने तो सल्ला मानला.

या पद्धतीत रंग आधी कालवीत नाहीत. शुद्ध रंगांच्या रेषा एकमेकींशेजारी ओढतात, आणि दुरून पाहणाऱ्याची दृष्टीच त्यांचा मिलाफ करते. शेजारचे रंग एकमेकांवर परिणाम करतात, म्हणूनच हिरव्यालगतचा तांबडा अधिक तांबडा भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले होते. पॅरिसमध्ये सरा याने याच तत्त्वावर ठिपक्यांची चित्रे काढली. सेगांतिनीने मात्र ठिपक्यांऐवजी सुतासारख्या लांब रेषा पसंत केल्या, व त्यांमधील फटींत पूरक रंग भरले. त्यामुळे दुसऱ्या 'आवे मारिया'तील आकाश व जल प्रकाशाच्या धाग्यांनी विणल्यासारखे दिसते. नाव तीच, माता तीच. पालटला तो केवळ प्रकाश, आणि त्यायोगे सर्व चित्रच पालटले.

१८९१ साली मिलानच्या प्रदर्शनात या पंथाची चित्रे प्रथमच लोकांपुढे आली. त्यांत सेगांतिनीचे 'दोन माता' हे चित्र होते. कंदिलाच्या उजेडात गोठ्यात बसलेली स्त्री व तिचे बाळ, आणि शेजारी गाय व तिचे वासरू, असा त्याचा विषय होता. त्याच प्रदर्शनातील प्रेव्हियातीच्या 'मातृत्व' या चित्रावर तर मोठा वाद माजला.

पुढे विरळ हवेतील निर्मळ प्रकाशाच्या ओढीने सेगांतिनी अधिकाधिक उंच जागी जात राहिला. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनासाठी योजलेल्या आल्प्स पर्वताच्या त्रिचित्रावर काम करीत असता, २८ सप्टेंबर १८९९ रोजी शाफबेर्ग या पर्वतावर त्याचे देहावसान झाले. त्याचे वय तेव्हा अवघे एकेचाळीस होते. ती तीन भव्य चित्रे सेंट मॉरिट्झ येथे १९०८ साली उघडलेल्या त्याच्या संग्रहालयात आहेत. लोकांनी पूर्ण मानलेली कृती स्वतः अपुरी मानण्याचे धैर्य त्याच्या अंगी होते. नव्या पद्धतीचे फळ त्यास लाभले, ते त्या धैर्यामुळेच.