गोठ्याचा दृष्टान्त

जीव हा बद्धमुक्त आहे. अनादि अविद्येने तो बद्ध असला, तरी मुक्त होण्यास योग्य आहे. मात्र ‘हे मजकडून व्हावयाचे नाही’ ही गाठ तो आपल्याच हातांनी मारून घेतो.

दृष्टान्त : कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाज चित्रांच्या पोथ्या दाखवून देवळांत रामायण-महाभारताच्या कथा गात असे, कळसूत्री बाहुल्याही नाचवीत असे. पुढे प्रेक्षक ओसरले. ‘आता ही कला संपली’ असे मानणे सोपे होते. परशुराम गंगावणे यांनी तसे मानले नाही. २००६ साली त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच कलेचे संग्रहालय उभारले. पूर्वी कला लोकांकडे जाई. आता लोक कलेकडे येऊ लागले. २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

दार्ष्टान्तिक : जागा तीच, दृष्टी पालटली. तद्वत् साधकाने वय, देह, अल्प विद्या यांची सबब सांगू नये. येथे भेद मात्र जाणावा. प्रपंचातील यश प्रयत्नाने मिळते. मोक्ष केवळ प्रयत्नाने मिळत नाही. सबब टाकून आचार पाळणे साधकाकडे. ज्ञान देणे परमेश्वराकडे. आपल्याकडील भाग तरी अपुरा राहू नये.