परदेशी शिंपल्याचा खाड्यांतील शिरकाव

तिसऱ्या, कालवे व शिनाणे ही कोकणच्या किनाऱ्यावरील उपयुक्त शिंपली सर्वांच्या परिचयाची आहेत. याच वर्गातील एक परदेशी जात मात्र उपद्रवी ठरली आहे. तिला काळ्या पट्ट्यांचा शिंपला म्हणतात. शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅलेई. खाडीवर उपजीविका करणाऱ्या प्रत्येकास तिची माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रसार कसा होतो?

हा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचे आखात या भागांतील. भारतात तो १९६७ साली विशाखापट्टणम् बंदरात आढळला. पुढे मुंबई बंदरातही दिसून आला. पूर्ण वाढलेल्या शिंपल्यास पोहता येत नाही. परंतु चिवट तंतूंनी तो जहाजाच्या तळास चिकटून दूरचा प्रवास करतो. त्याची सूक्ष्म पिले पाण्यात तरंगतात. रिकाम्या जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत जे पाणी भरतात, त्याबरोबर तीही परक्या बंदरात जाऊन पडतात.

उपद्रवाचे स्वरूप

याची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. जन्मानंतर महिनाभरातच तो प्रजननक्षम होतो व मादी हजारो अंडी घालते. गोड्या पाण्यापासून समुद्राहूनही खारट पाण्यापर्यंत तो तग धरतो. सबब पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर झाले तरी तो सहसा मरत नाही. खांब, दोर, पिंजरे व नळ यांवर त्याचे थरावर थर बसतात. कालवे व शिनाणे यांना चिकटण्यास जागा उरत नाही आणि पाण्यातील अन्नातही तो वाटेकरी होतो.

डार्विनचा धडा

ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे मार्च १९९९ मध्ये होड्यांच्या बंदिस्त गोदीत हा शिंपला सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तेथे एकही नव्हता. आता दर चौरस मीटरास २०,००० हून अधिक होते. गोद्यांना दरवाजे असल्याने ते बंद करून आत क्लोरीनयुक्त द्रव्य व मोरचूद सोडण्यात आले आणि शिंपल्याचे निर्मूलन झाले. परंतु त्याबरोबर आतील इतर जीवही मेले. आपल्या खाड्यांना दरवाजे नाहीत. तेथे हा उपाय चालणार नाही; म्हणून शिरकाव टाळणे हाच खरा उपाय होय.

घ्यावयाची खबरदारी

जहाजांतील पाण्याविषयीचा २००४ सालचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला आहे. परंतु बंदरातून खाडीत येणाऱ्या लहान होड्यांची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

१. बंदरातील होडी खाडीत आणण्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून तिचा तळ खरवडावा.

२. खरवडलेली शिंपली पाण्यात न टाकता भरतीरेषेच्या वर पुरावी.

३. जुने दोर, जाळी व पिंजरे दुसऱ्या खाडीत नेण्यापूर्वी स्वच्छ करून उन्हात पूर्ण वाळवावेत.

४. अनोळखी शिंपल्यांचे घोस दिसल्यास नमुना घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्वरित कळवावे.

एका होडीच्या तळावरील मूठभर शिंपली साऱ्या खाडीस पुरेशी होतात, हे प्रत्येक नाखव्याने ध्यानी ठेवावे.