हिरड्यांतून येणारे रक्त

मिश्री लावली म्हणजे हिरड्यांचे रक्त थांबते, असे नांदेड व लातूरकडील खेड्यांतील आमच्या कित्येक भगिनी सांगतात. रक्त कमी दिसेलही, कारण तंबाखूतील निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात; पण रोग तेथेच राहतो. शिवाय हिरडी दातापासून सरकते, आणि मुखाचा कर्करोग होण्याचे भय आहेच.

रोगाचे मूळ म्हणजे दातांवर व फटींत रोज साचणारा चिकट थर होय. फटींत दातवण पोहोचत नाही, ब्रशही नीट पोहोचत नाही; म्हणून दंतवैद्य तेथे बारीक धागा फिरवावयास सांगतात. याने खरोखर लाभ होतो काय? 2019 साली कॉक्रेन संस्थेने फटी साफ करण्याच्या साधनांवरील 35 प्रयोग पडताळले. ब्रशाबरोबर धागा वापरल्यास हिरड्यांची सूज काहीशी कमी होत असावी, असे दिसले. पुरावा मात्र दुबळा होता, आणि दातांची कीड टळते असे तर सिद्ध झालेच नाही. तेव्हा धाग्याविषयी फार मोठी आशा देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मिश्री सोडणे व दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, हे आधी, धागा त्यानंतर. तोही अलगद फिरवावा, करकचून ओढू नये. आरंभी थोडे रक्त येईल, त्यास भिऊ नये. पंधरा दिवसांनंतरही येत राहिले, तर दंतवैद्यास दाखवावे. लातूर व नांदेड येथे दंतमहाविद्यालये आहेत.