येरवड्याचा पिनकोड कापरेकरांच्या चरकात

साहित्य: कागद, पेन्सिल, खोडरबर आणि ४११००६. येरवड्याच्या पत्त्याखालची ही संख्या. पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली. आणि चरक देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांचा, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या द. रा. कापरेकरांचा (१९०५–१९८६). दोघेही आपलेच.

कृती: सहाही अंक उतरत्या क्रमाने मांडा, ६४११००. त्याखाली तेच चढत्या क्रमाने, ००११४६. वरच्या ओळीतली शून्यं गाळलीत तर सगळंच बिघडेल. खालच्या ओळीत नुसतं ११४६ लिहून चालतं, पण मग रकाने सरकतात. त्यापेक्षा शून्यं लिहिलेली बरी. वजाबाकी करा: ६३९९५४. आता या उत्तराचे अंक तसेच मांडा आणि पुन्हा वजा करा. ९९६५४३ वजा ३४५६९९, म्हणजे ६५०८४४.

दर पायरीला उत्तरातल्या अंकांची बेरीज करून पाहा. तिला ९ने भाग जायलाच हवा. वरखाली अंक तेच असतात, म्हणून दोन्ही संख्यांना ९ने भागल्यावर बाकीही तीच उरते आणि वजाबाकीत ती उडून जाते. भाग गेला नाही, तर हातचा चुकलाय. मुकाट्याने खोडरबर उचला.

तिसरं उत्तर ८२०८७२. चौथं ८६४४३२, याचे अंक आयतेच उतरत्या क्रमात आलेत, वरच्या ओळीचे कष्ट वाचले. पुढे ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि आठव्या पायरीला ४२०८७६.

थांबायचं कुठे? चार अंकी संख्या असती, तर (सगळे अंक सारखे नसले की झालं) फार तर सात पायऱ्यांत ६१७४ आली असती, आणि ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. काही संख्या ५४९९४५वर टेकतात, काही ६३१७६४वर. येरवडा कुठेच टेकत नाही. ४२०८७६नंतर ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पंधराव्या पायरीला परत ४२०८७६. सात संख्यांची ही फेरी पुरी झाली की पेन्सिल खाली ठेवायची.

कागदावर जागा उरली असेल तर पुणे जीपीओचा ४११००१ घ्या. ४०९९८६, ९५१७४१, आणि तिसऱ्याच पायरीला ८६०८३२. तोही येरवड्याच्याच फेरीत.