आधी वासराला चीक, मग खरवस

अगं, तुझी गाय पहिल्यांदाच विणार म्हणून तुझ्या जिवाला घोर लागलाय, ते कळतंय मला. म्हणून चार गोष्टी मोकळेपणी सांगते. विण्याइतकंच लक्ष पुढच्या चार-पाच दिवसांकडे दे. वासराला हगवण लागायचा मोठा धोका तेव्हा असतो.

या कोवळ्या वयातल्या हगवणीमागे बऱ्याचदा ई. कोलायचे जंतू असतात. शेणाने माखलेल्या सडांवरून ते तोंडात जातात, लहान आतड्याला चिकटतात आणि विष सोडतात. त्याने आतड्याला जखम होत नाही, पण अंगातलं पाणी आणि क्षार भराभर वाहून जातात. कॉलऱ्याची तऱ्हाही हीच. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष १९५९ मध्ये दाखवून दिलं. वासरू दगावतं ते पाणी आटून, एवढं मनात पक्कं ठेव.

पहिलं औषध चीक. वार पडल्याशिवाय चीक पाजू नये, असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांचा मान राख, पण थांबू नकोस. रोगाशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते, आणि ती रक्तात घ्यायची आतड्याची कुवत २४ तासांत संपते. पहिला चीक तासाभरात पोटात जाऊ दे. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात ३ लिटर तरी हवा. खरवसाचा विचार त्यानंतर.

तरीही हगवण लागलीच, तर मानेची कातडी चिमटीत धरून सोड. वळी तशीच राहिली, डोळे खोल गेले, तर पाणी आटलंय. दूध तोडू नकोस. दोन वेळच्या दुधाच्या मधल्या वेळात ओआरएसचं पाणी पाज. साखर-मीठ जोडीने शोषून घ्यायचं आतड्याचं काम या विषाने थांबत नाही, आणि त्यांच्याबरोबर पाणीही अंगात शिरतं. पण पाजण्याआधी तोंडात बोट घालून बघ. चोखत नसेल, तोंड गार लागत असेल, तर बाटलीने काही ओतू नकोस, फुप्फुसात जाईल. लगेच डॉक्टरांना बोलव. अशा वेळी सलाईनच लावावं लागतं.

आणि घरात उरलेलं इंजेक्शन आपल्या मनाने टोचू नकोस गं. हगवण विषाणूंचीही असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. त्यापेक्षा आजच विण्याची जागा धुऊन कोरडी कर, वर पेंढा पसर, आणि डॉक्टरांचा नंबर घरातल्या सगळ्यांना देऊन ठेव.